ओळखीचा रकाना

पहिल्या दिवशी कामावर गेले तेव्हा साहेब पिंजऱ्यात होते आणि कुत्रं बाहेर.

दुपारचे दोन वाजले होते, मे महिना होता. सोलापुरात मे महिन्यात दोनच्या उन्हात माणूस सावली सोडत नाही. आणि हा पन्नाशीचा माणूस, पालिकेचा जनावरांचा डॉक्टर, पत्र्याखालच्या पिंजऱ्यात मांडी घालून बसला होता. गजातून हात बाहेर काढून कडीही स्वतःच लावलेली. मी पिशवी उचलली आणि परत फिरले. मला वाटलं पत्ता चुकला, ही वेड्यांना ठेवायची जागा असणार.

"थांबा मावशी," ते आतून म्हणाले. "ऊन कुटवर येतंय ते बगतोय. पाण्याचं भांडं उनात जातंय. यांना गरम पाणी प्यावं लागतंय रोज."

'यांना' म्हणजे कुत्र्यांना. साहेब कुत्र्यांना अहो-जाहो करायचे. "हे जेवले का? यांचे टाके सुकले का?" आणि पालिकेतल्या मोठ्या अधिकाऱ्याबद्दल बोलताना, "तो आलता का? काय म्हनला त्यो?"

मी मंद्रूपची. आमच्याकडं कुत्रं शेळ्यांच्या मागं फिरायचं, चोर आला की भुंकायचं, भाकरीचा तुकडा खाऊन पडून राहायचं. त्याला कुणी अहो म्हटलं नाही. मी चौथी शिकलेली, नवरा गेलेला, आणि मला नोकरी हवी होती म्हणून मी कुत्र्यांचा स्वयंपाक करायला गेले. आवडत होती म्हणून नाही.

आमच्या केंद्राचं काम सोपं होतं. गाडीनं जाऊन गल्लीतली मोकाट कुत्री जाळीत धरून आणायची. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करायचं, पिसाळू नयेत म्हणून सुई टोचायची, खूण म्हणून कानाला छोटी खाच पाडायची. टाके सुकले की जिथून धरलं तिथंच नेऊन सोडायचं. या शेवटच्या गोष्टीत साहेबांचा सगळा जीव होता. गल्लीच नाही, खांबसुद्धा तोच लागायचा. गाडी चालवणारे चाचा कुरकुरायचे, "साब, एक खंबा आगे-पीछे हुआ तो क्या होता?" साहेब म्हणायचे, "तुमच्या शेजारच्या घरात तुमाला ऱ्हायला सोडतो, मंग सांगा काय हुतंय."

खूण राहावी म्हणून साहेब चादरीच्या कारखान्यातून काठाच्या चिंध्या आणायचे. प्रत्येक गल्लीचा रंग वेगळा. कुत्रं आलं की त्या रंगाची चिंधी गळ्यात बांधायची. आणि एक मोठी वही होती. तिच्यात तारीख, गल्ली, खांब आणि शेवटी एक रुंद रकाना, 'ओळख'. तो रकाना साहेब स्वतः भरायचे, कुत्र्यासमोर उकिडवं बसून, पुस्तक वाचल्यासारखं त्याच्या तोंडाकडं बघत. एका कुत्र्याला चार-चार ओळी.

"सायेब, चिंधी हाय की गळ्यात. मंग हे कशाला?"

"चिंधी सुटंल. तोंड सुटत न्हाय."

"कुत्र्याला कुटलं आलंय तोंड? सगळी सारकीच."

ते माझ्याकडं असं बघायचे की मीच आंधळी आहे.

जेवायलाही ते पिंजऱ्यांसमोर जमिनीवर बसायचे, पण कुत्र्यांकडं पाठ करून. तोंड करून खाल्लं तर त्यांना आशा लागते, म्हणे. शर्टाच्या खिशात भाकरीचे तुकडे असायचे, त्यामुळं टेबलावर, खुर्चीवर, सरकारी कागदांवर मुंग्या. एकदा पालिकेतून आलेल्या पत्रावर इतक्या मुंग्या होत्या की त्यांनी ते झटकलं आणि म्हणाले, "यांनी वाचलं, आता आपन वाचू."

लोक पाळलेली कुत्री सोडायला यायचे. बदली झाली, सून नको म्हणते, भाड्याच्या घरात चालत नाही. साहेबांनी पाटीवर खडूनं नियम लिहिला होता. ज्याला कुत्रं सोडायचं आहे त्यानं आधी एक तास पिंजऱ्यात बसायचं. मला वाटलं थट्टा असेल. पण चांगल्या इस्त्रीचे कपडे घातलेला एक माणूस मी डोळ्यांनी आत बसलेला पाहिला. साहेब बाहेर घड्याळ घेऊन उभे. वीस मिनिटांत तो माणूस बाहेर आला, कुत्र्याची साखळी धरली आणि रिक्षात बसून गेला. बहुतेक जण पाटी वाचूनच शिव्या देत परत जायचे. असा नियम कुठल्या सरकारी कागदात नव्हता.

घरच्या कुत्र्याचा परवाना हवा असेल तर त्याचाही साहेबांचा कायदा. मालक आणि आणखी दोन माणसं ओळीनं उभी करायची. कुणी हाक मारायची नाही, चुटकी वाजवायची नाही. कुत्रं सोडायचं. ते ज्याच्याकडं जाईल त्याच्या नावानं परवाना. एका नगरसेवकाचे मेहुणे लांडग्याएवढं कुत्रं घेऊन आले. ओळीत ते, त्यांचा गडी आणि आमचे चाचा उभे राहिले. कुत्रं सोडलं तशी ते सरळ गड्याच्या पायाशी गेलं आणि त्याच्या चपलेवर डोकं ठेवून बसलं.

साहेबांनी पेन काढलं. "नाव काय तुमचं?" गड्याला.

मेहुणे म्हणाले, "मी मालक आहे. कुत्रं मी विकत घेतलंय."

"घेतलंय की. पन ह्यांनी तुमाला घेतलं न्हाय."

परवाना गड्याच्या नावानं लिहिला गेला. गडी दोन पावलं मागं सरकला आणि मी पदर तोंडाला लावून आत पळाले. हसू आलं म्हणून नाही. साहेबांची नोकरी आता जाते असं मला वाटलं.

नोकरी गेली नाही. चौकशी लागली. आणि तेवढ्यात मला कुत्रं चावलं.

भवानी पेठेतून एकाच दिवशी दोन तपकिरी कुत्री आली होती. एक पिठाच्या गिरणीच्या गल्लीतलं, लाल चिंधीचं. दुसरं मागवाल्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, गल्लीतलं, हिरव्या चिंधीचं. दोघांची ऑपरेशनं झाली होती, कानाला खाच पडली होती, टाके सुकत होते. मी ताटल्या सरकवत पुढं गेले आणि मागून पोटरीला दात लागले. कडी नीट लागली नव्हती. चाचांनी काठीनं ढकलून त्याला आत घातलं. लाल चिंधीवालं होतं. मी फक्त चिंधी पाहिली आणि रक्त पाहिलं.

साहेबांनी मला नळाखाली बसवलं, साबण घेतला आणि माझा पाय हातात धरून धुवायला लागले. एवढा मोठा अधिकारी माझा पाय धुतोय, मी पाय मागं घ्यायला लागले. ते ओरडले, "हलू नका. पंधरा मिन्टं." मनगटावरच्या घड्याळाकडं बघत पूर्ण पंधरा मिनिटं धुतला. मग स्वतः सिव्हिलला नेऊन पहिली सुई टोचून आणली. लाल चिंधीवाल्याला शेवटच्या पिंजऱ्यात एकटं ठेवलं. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. पिसाळलेलं असेल तर दहा दिवसांत मरतं. नाही मेलं तर मी सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र आलं. चौकशी होईपर्यंत आठ दिवस केंद्रात पाऊल ठेवायचं नाही. परवान्याचं प्रकरण.

जाताना साहेब मला म्हणाले, "सुया चुकवू नका. शेवटच्या पिंजऱ्यातल्यांना हलवू नका. आन् वही खणात हाय. आडलं तर वाचा. तुमाला वाचता येतंय."

मला वाचता येत होतं. केंद्रात साहेबांखेरीज मराठी वाचणारी मी एकटीच. चाचांना उर्दू यायचं.

चौथ्या दिवशी निरोप आला की दुसऱ्या दिवशी वरचे लोक पाहणीला येणार. मी चाचांना म्हटलं, सगळे पिंजरे फिनेलनं धुऊ. कुत्री अंगणात साखळीनं बांधली. शेवटच्या पिंजऱ्यातलंही काढलं. चिंध्या रक्तानं, औषधानं काळ्या पडल्या होत्या. मला घाण सहन होत नाही. चाचांनी काठीच्या फासात एकेकाची मान धरून चिंध्या सोडल्या आणि मी सगळ्या एका बादलीत धुतल्या, दोरीवर वाळत टाकल्या. उन्हात अर्ध्या तासात वाळल्या. लाल लाल दिसली, हिरवी हिरवी दिसली. मला बरं वाटलं.

बाकीची कुत्री काळी, पांढरी, ठिपक्यांची. ती चाचांच्या ध्यानात होती. राहिली ही दोन.

"मौसी, दोनों भुरेच हैं," चाचा म्हणाले. "तुमीच बोलो. कौनसा काट्या?"

मी दोघांकडं पाहिलं. एक झोपलं होतं, एक माझ्याकडं बघत होतं. मी बघणाऱ्याकडं बोट केलं. "ते. त्याला लाल बांधा."

चावलेल्या बाईला आपलं कुत्रं ओळखता येणारच असं चाचांना वाटलं. मलाही वाटलं. वही दहा पावलांवर खणात होती.

पाहणी झाली. वरचे लोक म्हणाले, स्वच्छता चांगली आहे. हिरव्या चिंधीच्या कुत्र्याचे टाके सुकले होते, त्याला चाचांनी मागवाल्यांच्या गल्लीत, त्याच्या खांबाशी नेऊन सोडलं. लाल चिंधीवालं शेवटच्या पिंजऱ्यात भात खाऊन लोळत होतं.

मी दुसरी सुई घेतली होती. सातव्या दिवशी तिसरी होती. सिव्हिलला रांग असते, पाय दुखत होता. मी पिंजऱ्याकडं पाहिलं. कुत्रं ठणठणीत. कशाला जायचं? गेले नाही.

नवव्या दिवशी साहेब आले. चौकशीत काय झालं ते काही सांगितलं नाही. खिशातले तुकडे काढत पिंजऱ्यांपुढून चालत निघाले, प्रत्येकाला, "काय, बरं हाय ना?" शेवटच्या पिंजऱ्यापाशी थांबले. खाली बसले. मग उठून मागं वळले.

"हे ते न्हवंत."

मी म्हटलं, "तेच हाय की. लाल चिंधी बगा."

"मावशी, चिंधी काय बगू? हे मागवाल्यांच्या गल्लीतले हायत. चावले ते कुटं हायत?"

चाचा माझ्याकडं बघायला लागले. मी चिंध्या धुतल्याचं सांगितलं. बोट केल्याचंही सांगितलं. साहेब ओरडतील म्हणून वाट बघितली. त्यांनी एवढंच विचारलं, "सुया किती झाल्या?"

"दोन."

"तिसरी?"

"गेले न्हाय." मला वाटलं होतं मी कशाला भीत नाही. नवरा गेला तेव्हा भ्याले नव्हते. पण हा माणूस माझ्याकडं बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तेव्हा मी भ्याले. पिसाळलेल्या माणसाला मी लहानपणी गावात पाहिलं आहे. ते इथं लिहीत नाही.

कुत्र्यांच्या गाडीतूनच मला सिव्हिलला नेलं. सिस्टर म्हणाली, "आजी, सुई थांबवा असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, "कुत्र्यानं." तिसरी टोचली, पुढच्या दोन तारखा लिहून दिल्या, आणि ते कुत्रं शोधा असं साहेबांना सांगितलं.

तिथून भवानी पेठ. मागवाल्यांच्या गल्लीत पोचलो तर एका घराच्या पायरीपाशी माणसं जमली होती. घरच्या बाई तेलुगू बोलणाऱ्या, मला म्हणाल्या, "अम्मा, तुमचं हाय का ते? पाच दिवस पायरीखालून बाहेर आलं नाही. बाकीची टपूनच होती. आज सकाळी पाण्याला बाहेर आलं आणि चार-पाच कुत्र्यांनी धरून मारलं."

चाचा डोक्याला हात लावून खाली बसले. "मैंच छोड्या था साब. यहींच."

साहेबांनी विचारलं, "कुनाला चावले का? पानी पीत हुते का? लाळ गळत हुती का?" बाई म्हणाल्या, कुणाला चावलं नाही, पण गुरगुरत होतं. लाळेचं बघितलं नाही. ज्या कुत्र्यांनी त्याला फाडलं ती समोरच सावलीत बसून पाय चाटत होती. शेजारी दोन पोरी लगोरी खेळत होत्या.

सुई टोचलेली असली तरी आधीच विष अंगात असलं तर सुईचा उपयोग नसतो, हे साहेबांनी मला गाडीत सांगितलं. मेलेल्या कुत्र्याची दहा दिवस वाट बघता येत नाही. खरं काय ते डोक्यातच कळतं. डोकं पुण्याच्या सरकारी तपासणीला पाठवायचं.

"मंग कोन कापनार?" मी विचारलं.

"मी."

केंद्रात त्यांनी दोन-दोन हातमोजे घातले, तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा. चाचांना बाहेर घालवलं. मला म्हणाले, "तुमी थांबा. खणातली वही आना."

मी आणली.

"वाचा. आधी ते हेच हायत का ते बगू. एकदा चूक झाली, आता न्हाय."

मी वाचलं, शाळेत वाचायचे तसं, एकेक शब्द. गिरणीची गल्ली, खांब तिसरा. डाव्या डोळ्यावर तांदळाएवढा पांढरा डाग. साहेबांनी मेलेल्या कुत्र्याचं तोंड माझ्याकडं वळवलं. डाग होता. नाकावर उभा ओरखडा, जुना. होता. उजव्या पायाचं शेवटचं नख पांढरं. होतं. खालच्या ओठाला उजवीकडं काळी किनार, त्यामुळं हसल्यासारखे दिसतात. मी बघितलं. फाटलेल्या मानेवर ते तोंड अजूनही हसल्यासारखंच होतं.

"हेच," मी म्हटलं.

"आता भाईर जावा."

मी गेले नाही. मला वाटलं आपण बोट केलं, तर हे बघायचंही आपणच. त्यांनी कापलं. जो माणूस कुत्र्याला अरे म्हणत नव्हता त्यानं सुरी धरून कापलं, आणि कापताना साहेब हळू आवाजात काहीतरी बोलत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "झालं हं. झालं. झालंच." नंतर डोकं पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि डबा मांडीवर घेऊन स्वतः पुण्याला गेले.

तीन दिवस मी भात शिजवला, पिंजरे धुतले. जेवण जात नव्हतं. पाणी पिताना घसा अडकला की मी जागच्या जागी थिजायचे. घरात कुणाला सांगितलं नाही.

फोन आला. कुत्र्याला आजार नव्हता.

मी वाचले होते. भरपेट जेवले, खोटं कशाला सांगू. हात धुताना मग डोक्यात आलं, कुत्रं चांगलं होतं. त्याला काही झालेलं नव्हतं. फक्त गल्ली चुकली होती, आणि ती मी बोट करून चुकवली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब शेवटच्या पिंजऱ्यात बसलेले. कडी लावलेली, घड्याळ काढून समोर ठेवलेलं. मी चहा नेला. त्यांनी घेतला नाही.

"अजून बत्तीस मिन्टं हायत."

"तुमी कुनाला सोडलंय, सायेब?"

"यांना सोडून गेलो की. त्यानं पत्र दिलं आन् मी गेलो, आठ दिवस. येकदा गुपचूप येऊन बगून गेलो असतो तर काय झालं असतं?"

"चूक माझी हाय. मंग मलाबी बसाय पायजे."

"तुमचं तुमी ठरवा. मी काय सांगनार न्हाय."

मी बसले नाही. भात लावायचा होता, वीसेक कुत्री जेवायची होती. पण चहा झाकून ठेवला आणि बत्तीस मिनिटांनी गरम करून दिला.

त्या दिवसानंतर साहेबांनी तो विषय काढला नाही. फक्त वही माझ्याकडं दिली. ओळखीचा रकाना मी भरायचा. पहिल्या कुत्र्याला मी लिहिलं, काळं, मोठं. त्यांनी वाचून वही परत माझ्या मांडीवर ठेवली आणि उभे राहिले. मी पुन्हा बघितलं. तासभर तसंच चाललं. शेवटी चार ओळी झाल्या तेव्हा ते जेवायला गेले.

नोकरी संपेपर्यंत मी तो रकाना भरला. साहेब माझ्याआधी निवृत्त झाले आणि जेऊरला गावी गेले. आता केंद्रात मोबाइलवर फोटो काढतात, चिंध्या नाहीत, वही नाही. पाटीवरचा नियम त्यांच्या जाण्याच्या दुसऱ्याच दिवशी पुसला.

मला कुत्री अजूनही आवडत नाहीत. परवा एक तपकिरी कुत्रं येऊन आमच्या दारात बसलं. मी काठी उचलली. कानाला खाच. उजवी भुवई डावीपेक्षा वर. जिभेवर निळसर ठिपका. पुढच्या डाव्या पायावर भाजल्याची जुनी खूण, तिथं केस आलेले नाहीत. एवढं बघेपर्यंत काठी मारायची राहून गेली.